बॉनेटपाशी दिलेला घास

अजिंठा चौफुलीजवळ नूर महंमदचाचांचं जुन्या गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान आहे. आषाढातल्या एका दुपारी तिथे डिस्ट्रिब्युटरची कॅप एकच उरली होती, आणि ती मागायला दोघंजण एकाच वेळी काउंटरला टेकले.

नूतनने दुपट्ट्याच्या टोकात गुंडाळून आणलेली जुनी कॅप काचेवर ठेवली. शेजारच्या उंच तरुणानेही खिशातून रुमाल काढला, हळूच उलगडला... आत तशीच कॅप. तिलाही तसाच केसाएवढा तडा.

दोघांनी एकमेकांच्या कॅपकडे पाहिलं. मग एकमेकांकडे.

चाचांना हसू आवरेना. ते म्हणाले, ही गाडी बनायची बंद होऊन जमाना झाला. लोकांनी देऊन टाकल्या, नव्या घेतल्या. ज्यांनी ठेवल्या, ते मिस्त्रीला पाठवतात. आपल्या हाताने खोलून, भाग घेऊन येणारे अख्ख्या जिल्ह्यात चार असतील, त्यातले दोन आज एकदमच आले. आता तुमचं तुम्हीच ठरवा.

कॅप म्हणजे तसं पाहिलं तर मुठीत मावणारं एक झाकण. इंजिनात ठिणगी वाटून देणारा जो भाग असतो, त्याच्यावर बसतं. पण पावसाळ्यात त्या तड्यातून ओल आत शिरली, की गाडी भर रस्त्यात रुसून बसते.

"मन्ही गाडीले बी हाईच जोयजे," तो अहिराणीत स्वतःशीच पुटपुटला, आणि मग शहाण्यासारखा शुद्ध बोलू लागला, "तुम्ही घ्या."

"का? मुलगी म्हणून?"

"नाही. तुम्ही ती दुपट्ट्यात आणलीत म्हणून. माझा रुमाल तसाही खराबच होता."

नूतनने खाली पाहिलं. पिस्ता रंगाच्या दुपट्ट्यावर काळा डाग चांगला तळहाताएवढा पसरला होता. आईला काय सांगायचं, या विचाराने तिला एकदम हसूच आलं.

"आणि तुमची गाडी?"

"तिला नेलपॉलिश लावतो." तो अगदी गंभीरपणे म्हणाला. तड्यावर दोन हात नेलपॉलिश दिलं, की ओल आत जात नाही, एक पावसाळा निघतो. "फक्त... दुकानात जाऊन मागायचं धाडस होत नाही. त्या बाई विचारतात, कोणता शेड."

नूतनच्या पर्समध्ये मावसबहिणीच्या लग्नातली अर्धी बाटली होती. राणी रंगाची. तिने ती काढून त्याच्या हातावर ठेवली आणि म्हणाली, "हा शोभेल तिला."

त्याचं नाव हितेंद्र. धुळ्याच्या एका शाळेत चित्रकला शिकवायचा. चित्रकलेच्या परीक्षेच्या कामाने जळगावला आला होता आणि त्याची गाडी मेहरूण तलावाच्या काठावर बंद पडून उभी होती. नूतनचं घर मेहरूणलाच. दोघं एकाच रिक्षाने निघाले. तलावावर बारीक भुरभुर चालू होती. तो कॅपला राणी रंग देत होता आणि ती बॉनेटवर छत्री धरून उभी होती. रंग वाळायला दहा मिनिटं लागतात. त्या दिवशी त्यांना पाऊण तास लागला.

मग रविवार सुरू झाले.

आधी फोनवर एक शंका, मग दुसरी. मग तो म्हणाला, कार्बोरेटर साफ करायचा असेल तर एकट्याचं काम नाही ते... आणि धुळ्याहून आला. येताना त्याने एक जाड वही आणली. कुठलाही भाग उघडण्यापूर्वी तो आधी त्याचं चित्र काढायचा, प्रत्येक स्क्रूला नंबर द्यायचा. "परत बसवताना एखादा स्क्रू उरला, की रात्री झोप लागत नाही," तो म्हणायचा. नूतनला त्याची ती वही फार आवडायची. एकदा तिने ती चाळली, तर इंजिनाच्या चित्रात स्पॅनर धरलेला एक हात होता. बांगडी एकच, अंगठ्याजवळ काळा तीळ. तिने गुपचूप वही मिटली आणि दिवसभर तो अंगठा मुठीत लपवत राहिली.

नूतन केळीची रोपं तयार करणाऱ्या प्रयोगशाळेत काम करायची. तिथे आत जाताना दहादा हात धुवायचे, नख एवढंसंही वाढवायचं नाही. आणि रविवारी तेच हात ग्रीसमध्ये. टाळेबंदीत गॅरेजं बंद होती, तेव्हा ती फोनवर बघून बघून शिकली होती आणि मग ती सवय सुटलीच नाही. हाताखालून गेलेली वस्तू आपल्याशी बोलायला लागते, असं तिला वाटायचं. रोज पहाटे तुळशीला पाणी घातल्यावर ती त्या जुन्या लाल गाडीच्याही काचेवरून एकदा हात फिरवायची.

तिच्या आईची, मंदाबाईची, काळजी वेगळी. बघायला पाहुणे आले तर हे हात कसे दाखवायचे? साखर आणि खोबरेल तेल लावून त्या रविवारी संध्याकाळी लेकीची बोटं चोळत बसायच्या.

तिच्या वडिलांना, आबांना, म्हणजे शालिग्रामरावांना, हे सगळंच पटत नसे. गॅरेज कशाला असतं? मिस्त्रीला द्यावं, नाही जमलं तर नवी घ्यावी. गल्लीत लोक विचारतात, तुमची पोरगी गाडीखाली काय करते म्हणून. त्यांनी शोरूममध्ये एक पांढरी गाडी बघूनही ठेवली होती. श्रावण लागला तसं त्यांनी जाहीरच केलं, की कानबाईच्या सणाला रावेरला भाऊबंदांकडे या गाडीने जायचं, आणि ती जाऊन-येऊन एकदाही अडली नाही तरच ठेवायची. अडली, तर परत आल्यावर बुकिंग.

नूतनने मान हलवली. पण गाडी गेली म्हणजे रविवार गेले, एवढं तिला कळत होतं. हितेंद्र कुठल्या निमित्ताने येणार होता मग? संध्याकाळी देवापाशी दिवा लावताना तिने हात जोडले. काय मागावं... ते ओठांवर येईना. देवीला समजलं असेल, म्हणून ती उठली.

आबांनीच एक टोमणा मारून तिचं काम सोपं केलं. म्हणाले, तुझ्या त्या मास्तरलाही घे सोबत, अडली तर ढकलायला होईल. हितेंद्रच्या घरची कानबाई पुढच्या रविवारी असायची, त्यामुळे तो मोकळा होता. ढकलायला बोलावलंय हे त्याला सांगितलं, तेव्हा तो म्हणाला, "एवढ्या मानाचं आमंत्रण आजवर मिळालं नव्हतं."

नागपंचमीनंतरच्या रविवारी भल्या सकाळी गाडी निघाली. पुढे नूतन आणि आबा. मागे मंदाबाई, त्यांच्या शेजारी भिकुबाई अक्का, आणि खिडकीला चिकटून, मांडीवर नारळांची पिशवी घेतलेला हितेंद्र. अक्का म्हणजे आबांची थोरली बहीण. तरुणपणीच विधवा होऊन माहेरी आलेली, कमी बोलणारी. नशिराबाद मागे पडेपर्यंत त्यांनी हितेंद्रला एक शब्द विचारला नाही. मग विचारलं, की पिशवी जड होते का. तो नाही म्हणाला. त्यांनी त्याच्या हातावर दोन खडीसाखरेचे खडे ठेवले. भुसावळ गेलं, सावदा गेलं. दोन्ही बाजूंना केळीच्या बागा, पानांवरून थेंब ओघळताहेत, आणि गाडी आपली गुणगुणत चाललेली. नूतन आरशात बघायची, ते मागची वाहनं बघायला. मागची वाहनं बघताना अधूनमधून दोन डोळे दिसायचे... त्याला ती काय करणार?

रावेरला त्यांच्या भाऊबंदांची कानबाई एकत्र बसते. चौरंगावर नारळाची देवी, नाकात नथ, अंगावर हिरवं लुगडं, केळीच्या खांबांचं मखर. त्या मुखाकडे पाहिलं की मन आपोआप मऊ होतं. त्या दिवशीचा नैवेद्य म्हणजे रोट. घरातल्या प्रत्येक पुरुषामागे सव्वा मूठ गहू, घरच्याच जात्यावर दळलेले, त्याचे पुरण भरून केलेले जाडसर रोट. ते फक्त कुळातल्या माणसांनी खायचे. सुना खातात, बिनलग्नाच्या लेकी खातात, बाहेरच्याला कणही द्यायचा नाही. खाऊन झाल्यावर हात धुतलेलं पाणीसुद्धा अंगणातल्या एका खड्ड्यात घालायचं. पाहुण्यांसाठी वेगळी चूल, वेगळं पीठ.

दुपारी आरती झाली. गाण्यांसाठी गल्लीतल्या बायका यायच्या होत्या, म्हणून आबांनी गाडी अंगणातून बाजूला घ्यायला सांगितलं. नूतनने किल्ली फिरवली. गाडी घरघरली आणि गप्प झाली. पुन्हा... पुन्हा गप्प.

आबांनी बंद गाडीकडे पाहिलं. मग खिशातून चष्मा काढला, पुसला आणि परत ठेवला. नूतनला ते बोलण्यापेक्षा जास्त लागलं.

बॉनेट उघडलं तर आत पाण्याचं तळं. चुलतभाऊ स्वप्नीलने मोठ्या भक्तिभावाने, देवीच्या दारात गाडी चिखलाची नको म्हणून, ती पंपाने धुतली होती. ट्रॅक्टर धुतो तशी, आतून-बाहेरून. "इंजिन लई मळलं होतं गं ताई," तो निरागसपणे म्हणाला.

हितेंद्रने बाह्या सारल्या. कॅप काढली, वायरी सोडवल्या, एकेक भाग कोरड्या फडक्याने पुसायला घेतला. वरून भुरभुर, डोक्यावर ताडपत्रीचा कोपरा. तास झाला. पाहुण्यांची पंगत वेगळी बसली आणि उठली, त्याला कुणी बोलवायचं विसरलं, त्याने विचारलं नाही. सकाळपासून पोटात ते दोन खडीसाखरेचे खडे.

नूतन घरच्या पंगतीत बसली होती. घास तोंडात फिरेना. ती ताट हातात घेऊनच उठली, अंगणात आली.

"जेवला नाहीत तुम्ही."

त्याने दोन्ही हात वर करून दाखवले. कोपरापर्यंत काळे. "हे धुवायलाच अर्धा तास, आणि मग परत काळे. होईल नंतर."

तिने पुढचा-मागचा विचारच केला नाही. ताटातला एक तुकडा मोडला, तुपात बुडवला आणि त्याच्या तोंडापाशी नेला. तो क्षणभर तिच्याकडे पाहत राहिला... आणि त्याने तोंड उघडलं.

ओसरीवर मंदाबाईच्या हातातला तांब्या निसटला.

त्या आवाजाने नूतन भानावर आली. हातातलं ताट रोटाचं होतं.

आरडाओरडा कुणी केला नाही. देवी घरात असताना तसं करत नाहीत. पण बायका कुजबुजल्या, कुणी कपाळाला हात लावला, मंदाबाई रडवेल्या झाल्या. रुपचंद नाना म्हणजे भाऊबंदांतले सगळ्यात वडील, ऐंशीला टेकलेले. ते काठी टेकत बाहेर आले, त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि सगळ्यांकडे पाहून मायेने हसले. म्हणाले, घाबरू नका. देवीनेच ठरवलं असेल. ज्यानं आपला रोट खाल्ला, तो आपला भाऊबंद. आजपासून हा पोरगा या घरचाच, नूतनचा भाऊ. पौर्णिमा जवळच आहे, राखी बांधून टाक पोरी, म्हणजे दोष उरणार नाही.

सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. स्वप्नीलने तर "दादा" म्हणून हितेंद्रच्या पाठीवर थापही मारली.

हितेंद्रच्या हातातलं फडकं तसंच राहिलं. नूतनने त्याच्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर रडू फुटलं असतं. इतके दिवस तिला धास्ती होती ती गाडी जायची. हे असं, इतक्या प्रेमाने, सगळ्यांच्या आशीर्वादाने हातातून जाईल, असं तिच्या स्वप्नातही नव्हतं.

संध्याकाळी गाडी सुरू झाली, तरी कुणाला फारसा आनंद झाला नाही. रात्रभर बायका गाणी म्हणत जागल्या. नूतन देवीसमोर बसून होती. समईत तेल घालत होती, वात सारखी करत होती.

सोमवारी सकाळी विसर्जनाआधी सगळे देवीपुढे जमले. नाना म्हणाले, आता देवीच्या साक्षीने ठरवून टाकू, पौर्णिमेला हा धुळ्याहून येईल की पोरगी तिकडे जाईल.

नूतन उठून उभी राहिली. तिचा आवाज मुळात लहान, तरी सगळ्यांना ऐकू गेला.

"नाना, चूक माझी आहे. जी शिक्षा द्याल ती घेईन, उपास करीन. पण राखी... राखी मी बांधणार नाही."

समईची वात तडतडली. आबांनी लेकीकडे पाहिलं, मग दारात उभ्या असलेल्या हितेंद्रकडे, आणि त्यांना ते सगळे रविवार एकदम दिसले असावेत.

नाना समजावू लागले, रोट पोटात गेला म्हणजे कुळ एक झालं, आता दुसरं नातं कसं...

"नाना, मले एक सांगा."

भिकुबाई अक्का भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्या असं चारचौघांत कधी बोलत नसत, म्हणून सगळ्यांनी माना वळवल्या.

"मी या घरात जन्मली. अठरा वर्सं या घरचे रोट खाल्ले. लगन झालं, आन् दुसऱ्या सालापासून मले या ताटाले हात लावता येत नाही. मालक गेले, मी परत आली. तीस वर्सं माहेरीच राह्यते, रोट मी लाटते, भाजते, आन् जेवते पाहुण्यांच्या चुलीवरचं. माझं काही म्हननं नाही, रीत हाये. पन अठरा वर्सं खाऊन मी घरची उरली नाही, आन् एका घासानं हा पोरगा घरचा झाला? हे कोनतं गनित?"

नानांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली.

"अक्का," ते म्हणाले, "तीस वर्सांत हे तू कधी बोलली नाहीस."

"कोनी विचारलं नाही."

आबांनी मान खाली घातली. अक्का देवीकडे वळल्या. म्हणाल्या, नारळ ठेवा पुढं, चुकलं म्हणा. माय हाये ती, भुकेल्या लेकरानं घास खाल्ला म्हणून रागावल का?

नानांनी स्वतःच्या हाताने नारळ ठेवला. सगळ्यांनी हात जोडले. मग आबांनी घसा साफ केला आणि दाराकडे पाहून विचारलं, "मास्तर, तुमचं काय म्हणणं?"

हितेंद्रने रात्री हात घासून धुतले होते, तरी नखांत काळं होतं. ते त्याने पाठीमागे लपवले. "पौर्णिमेला मी घरीच असेन, आबा. सख्खी बहीण आहे मला, तिची राखी असते. त्याच्या पुढच्या रविवारी... आईला घेऊन येतो."

"गाडी दुरुस्तीला?"

"नाही," तो म्हणाला आणि कानापर्यंत लाल झाला.

बायकांत हशा पिकला. नानाही हसले. देवी डोक्यावर घेऊन सगळे नदीवर निघाले, तेव्हा नूतनच्या पुढे अक्का चालल्या होत्या, आणि आबा त्यांच्या पायाखालचा चिखल बघून त्यांना हात देत होते.

परतताना आबा आपणहून मागे बसले. पुढे ये मास्तर, तुला गाडीचा आवाज कळतो, म्हणाले. गाडी पहिल्याच किल्लीला सुरू झाली होती. पांढऱ्या गाडीचं काय करायचं, ते लग्नघाई उरकल्यावर बघू, असं त्यांनी भुसावळच्या अलीकडे कुणी न विचारता सांगितलं आणि डोळे मिटून घेतले. ते ऐकून मंदाबाई म्हणाल्या, अजून मुलाची आई यायचीय, तुम्ही लग्नापर्यंत पोहोचलात.

नशिराबादला चहासाठी थांबले. मोठी माणसं टपरीच्या आत बाकावर बसली. हे दोघं बाहेर, बॉनेटला टेकून. ऊन पडलं होतं आणि त्या उन्हातूनच चार थेंब येत होते.

"एक सांगू?" हितेंद्र म्हणाला.

"सांगा."

"तो रोट आहे हे मला कळलं होतं."

नूतन वळली. "केव्हा?"

"तू तुकडा मोडलास तेव्हाच. धुळ्याचा आहे मी. लहानपणापासून खातोय, लांबून वासावर ओळखतो."

"मग तोंड कशाला उघडलंस?" 'तुम्ही' कधी गळून पडलं, ते तिलाही कळलं नाही. "एवढं सगळं झालं... नुसतं नको म्हणायचंस."

तो ग्लासातल्या चहाकडे बघत राहिला. मग अगदी हळू म्हणाला, "नको म्हटलं असतं, तर तुझा हात मागे गेला असता."

आतून आई हाक मारत होती, की बिस्किट हवं का. नूतनने आपला ग्लास बॉनेटवर ठेवला. पत्रा अजून गरम होता. चहा इतक्यात निवणार नव्हता, आणि तिला कसली घाईही नव्हती.